सुटून आलेल्या मुलींच्या हाती काम द्यायचं, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: आमची नाशिक जिल्ह्यात छोटी संस्था आहे. मानवी तस्करीतून सुटलेल्या तीन मुली चार वर्षांपासून आमच्या संपर्कात आहेत, तिघी आता विशी ओलांडलेल्या. देणगीदार म्हणतात, काम 'सर्व्हायव्हर-लेड' करा, म्हणजे सुटून आलेल्यांनीच चालवलेलं. दोघी कॉलेजांमधल्या जनजागृतीच्या कार्यक्रमात अनुभव सांगतात. सांगताना रडतात, पण कार्यक्रम परिणामकारक होतो. तिसरी तयार नाही, तिचं मन कसं वळवावं? आणि या मुलींनी काम चालवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर: 'रडतात, पण परिणामकारक होतो' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. आधी हे कार्यक्रम थांबवा. बाकीचं नंतर.

कारण फक्त भावनिक नाही. त्यांच्या केसेस अजून कोर्टात असतील, तर कॉलेजात सांगितलेली हकीकत कुणीतरी मोबाईलवर घेतं आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीचा वकील तीच काढतो. 'तेव्हा तुम्ही स्टेशनवर नेलं म्हणालात, जबाबात तर बसस्टँड आहे.' अशी बारीकशी तफावत दाखवून खटला पाडलेला मी पाहिला आहे. दुसरं म्हणजे, बलात्काराचं कलम लागलेलं असेल तर पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. ती तेव्हा अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम 74 येतं. सज्ञान बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तर कायद्यात वाट आहे. पण जिचं घरभाडं तुम्ही भरता, तिने तुमच्यासमोर केलेल्या सहीला परवानगी म्हणायचं का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, केलेल्या चुकीतून सांगते. या कामात येऊन मला तीन-चार वर्षं झाली होती. मुंबईतल्या एका हॉटेलात देणगीदारांचं जेवण होतं, तिथे मी आमच्या एका मुलीला घेऊन गेले. ती बोलली, लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. परतताना टॅक्सीत तिने विचारलं, "ताई, एका ताटाचे किती असतील?" मी अंदाजाने आकडा सांगितला. जरा वेळाने म्हणाली, "आणि माझ्या गोष्टीचे किती आले?" धंद्यात घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, तिच्या नावावर किती घेते हे तिला कधीच कळत नसे. आमच्याकडेही कळत नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हिशोब मलाही माहीत नव्हता. तो ट्रस्टींकडे असे.

तेव्हा 'नेतृत्व' हा शब्द जरा बाजूला ठेवू. पैसे कुणाच्या सहीने निघतात, बैठकीत काय बोलायचं हे कोण ठरवतं, आणि 'नाही' म्हटल्यावर तिचं काही तुटतं का, एवढंच बघा.

आता नेपाळकडे वळते. या विषयातलं सगळ्यात भक्कम उदाहरण तिथलं आहे आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. फेब्रुवारी 1996 मध्ये पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठ्या रेड टाकल्या. शेकडो मुली उचलल्या, त्यांत दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. त्यांना सरकारी होममध्ये ठेवलं. होमचे हाल असे होते की सुटका झाली की नुसती जागा बदलली, हे कळायला मार्ग नव्हता. त्यातून नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला राजी नव्हतं. या आमच्याच कशावरून, नागरिकत्वाचा कागद दाखवा, असा पवित्रा. ज्या मुलीला गावातून गुंगीचं औषध देऊन आणलं, ती कागद कुठून आणणार? अखेर जुलैमध्ये नेपाळमधल्या सात संस्थांनी मिळून 128 जणींना काठमांडूला नेलं.

तिथेही त्या संस्थांच्याच ताब्यात होत्या. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल एड्सची बातमी, घरच्यांनी दार लावलेलं. हक्कांवरची प्रशिक्षणं झाली आणि त्यांतल्या काही जणींनी ठरवलं की आपलं आपण बघायचं. त्यातून 'शक्ती समूह' उभा राहिला. तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः काढलेली आणि स्वतः चालवलेली संस्था. तिची नोंदणी व्हायला 2000 साल उजाडलं. नोंदणीला संस्थापकांची नागरिकत्वाची प्रमाणपत्रं लागत, आणि प्रमाणपत्राला बाप नाही तर नवरा पुढे यावा लागे.

मला या कहाणीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. त्या काळात आम्ही सगळे, इथले आणि तिथले, मुलींना शिवणयंत्रं वाटत होतो. (शिवणयंत्र, अगरबत्ती, पापड. पुनर्वसन म्हटलं की आपली कल्पना याच्यापुढे जात नाही. शिवणकामाची आवड नसलेल्या किती बायकांना आम्ही टेलर केलं, देव जाणे.) त्यांना हवं होतं नागरिकत्व. कागद असेल तर खातं उघडता येतं, जमिनीवर नाव लागतं, केस करता येते. बाहेरच्या माणसाला ही मागणी सुचलीच नसती, कारण बाहेरच्या माणसाकडे कागद असतोच.

त्यांच्यातल्या चरिमाया तामाङ नेपाळमधल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या. सोळाव्या वर्षी विकल्या गेल्या, बावीस महिने मुंबईत होत्या. परत गेल्यावर त्यांनी स्वतः फिर्याद दिली. स्वतःच्या नावाने अशी फिर्याद देणाऱ्या त्या नेपाळमधल्या पहिल्याच. 1997 मध्ये जिल्हा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं. ज्या गावाने वाळीत टाकलं त्याच परिसरातले आरोपी होते, हे ध्यानात घ्या. 2013 मध्ये शक्ती समूहाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार महत्त्वाचाच, पण मी कार्यकर्त्यांना दाखवते ती गावोगावच्या किशोरवयीन मुलींच्या गटांची बांधणी. तिकडे या व्यापाराला 'चेलीबेटी बेचबिखन', म्हणजे लेकीबाळींची विक्री, म्हणतात. दलाल गावात येतो तो मावसा, काका, कुणाचा तरी नवरा म्हणून. त्याला ओळखायची नजर पोस्टर वाचून येत नाही. जी एकदा त्याच्याबरोबर गेली होती, ती चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या सांगते, हा माणूस बघ, मुलीच्या आईशी बोलतोय पण मुलीचं वय विचारतोय.

नेपाळच्या 2007 च्या कायद्यात पीडितेचा जबाब लगेच न्यायाधीशासमोर प्रमाणित करून घेण्याची सोय आहे आणि ती पुढे हजर राहू शकली नाही तरी तो पुरावा म्हणून धरता येतो. आपल्याकडे मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 164, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 183, एरवी तेवढ्याने पुरत नाही. खटल्यात उभं राहून तिला सगळं पुन्हा सांगावं लागतं. तोवर पाच-सात वर्षं गेलेली, लग्न झालेलं, सासरी काही ठाऊक नाही, आणि समन्स घेऊन हवालदार दारात. तुमच्या मुलींच्या बाबतीत व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष मागा. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या 2003 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिलेली आहे. तरी सरकारी वकील कंटाळा करतात. अर्ज तुम्ही तयार ठेवा.

तुम्ही विचारलंत, हाती काम द्यायचं म्हणजे काय. मोठ्या पदांच्या आधी बारीक निर्णय द्या. एका निवारागृहाच्या समितीवर आम्ही पूर्वी तिथेच राहून गेलेल्या बाईला घेतलं. पहिल्या बैठकीत ती गप्प होती. दुसऱ्या बैठकीत अधीक्षिकांनी तक्रार केली की नव्या मुली बेशिस्त आहेत, रात्री नऊला दिवे घालवले तरी झोपत नाहीत, दंगा करतात. ही बाई म्हणाली, "मॅडम, झोपतील कशा? धंद्यावर पहाटे चारला अंग टेकायची सवय. अंधारात पडून राहिलं की नको ते आठवतं." मग स्वयंपाकघरातला एक दिवा रात्रभर चालू ठेवायचं ठरलं आणि एक कॅरम बोर्ड आला. कामाच्या वेळा पहिले दोन महिने उशिरा. दंगा थांबला. आमच्याकडे दोन समुपदेशक होत्या, दोघी पदवीधर. पाच वर्षांत दोघींना हे सुचलं नव्हतं. मलाही नाही.

बहुतेक संस्थांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. कायद्यातच जागा आहेत आणि त्या रिकाम्या पडल्यात, किंवा शहरातल्या प्रतिष्ठितांनी भरल्यात. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, 1956, ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात, त्याच्या कलम 17 खाली सुटका झालेल्या बाईचं काय करायचं हे मॅजिस्ट्रेट चौकशी करून ठरवतो. तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. या चौकशीत मदतीला पाच जणांचं पॅनेल बोलावता येतं, शक्यतो तीन बायका असलेलं, आणि त्यासाठी अनुभवी समाजकार्यकर्त्यांची यादी ठेवता येते. कलम 13 मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्याला सल्ला देणारं बिनसरकारी मंडळही सांगितलं आहे. या याद्यांत तुमच्या मुलींपैकी जिची तयारी असेल तिचं नाव 'समाजकार्यकर्ती' म्हणून द्या. पीडिता म्हणून देऊ नका. तिने भूतकाळ सांगण्याची गरज नाही. समोर बसलेल्या सतरा-अठराच्या मुलीला काय विचारायचं नाही, एवढं तिला ठाऊक असतं आणि ते पुरेसं आहे.

तस्करी म्हणजे फक्त कुंटणखाना असा समजही आपल्याकडे पक्का बसलाय. नाशिक, पालघर, रायगड, ठाणे या पट्ट्यात तुमच्या डोळ्यांसमोर उचल घेतलेली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. उचल फिटत नाही, मुकादम हलू देत नाही, पोरं तिथेच वाढतात. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा 1976 चा आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे जिल्ह्याच्या दक्षता समितीत जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती आणि दोन समाजकार्यकर्ते घ्यायचे असतात. स्वतः भट्टीवर अडकलेला आणि सुटून आलेला माणूस या खुर्चीला सगळ्यात लायक आहे. तहसीलदार 'उचल म्हणजे ऍडव्हान्सच की' म्हणतात तेव्हा तो सांगू शकतो की ऍडव्हान्स फेडला की माणूस घरी जातो. 2016 च्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख, तस्करी-लैंगिक शोषणासारख्या प्रकरणात तीन लाख अशी मदत ठेवली, पण मुख्य रक्कम आरोपीच्या शिक्षेशी बांधली. खटला लोंबकळला की पैसेही लोंबकळले. ही गाठ सोडवा ही मागणी सुटलेल्या मजुरांच्या गटांनी लावून धरली आहे, आणि तिच्यात मला शंभर टक्के तथ्य दिसतं.

भारतात सुटलेल्यांचे गट आता बऱ्यापैकी आहेत. पश्चिम बंगालच्या दोन्ही चोवीस परगण्यांत 'उत्थान' आणि 'बंधन मुक्ती' आहेत. 2019 मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या अशा गटांनी मिळून 'इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग', थोडक्यात इल्फॅट, हा मंच केला. त्यात लैंगिक व्यापारातून सुटलेल्याही आहेत आणि मजुरीतून सुटलेलेही. बंगालच्या मुली आमच्याकडे पुण्या-मुंबईत सापडतात, म्हणून तिथल्या गटांशी आमचा संबंध रोजचा. मुलगी परत गेली की पूर्वी आमचा फोन तिथल्या सरकारी कार्यालयात जायचा आणि 'बघतो' असं उत्तर यायचं. आता तिच्याच तालुक्यातली, त्याच वाटेने गेलेली मुलगी तिला घरी जाऊन भेटते. नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कसा करायचा, कुठला कारकून काय अडवतो, हे ती सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे तस्करीच्या पीडिताला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलं तर ती मान हलवते. तिच्यासारखीच्या तोंडून ऐकलं तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाते.

आता सांगलीबद्दल न बोलता पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. तिथल्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, 1996 पासून म्हणते आहे की रेड आणि रेस्क्यूच्या नावाखाली सज्ञान, स्वतःच्या मर्जीने धंदा करणाऱ्या बायकांना उचलून होममध्ये कोंडलं जातं. सुटून आलेल्या मुलींचे काही गट आणि व्हॅम्प यांचं पटत नाही. एकीला धंदा म्हणजे गुलामी, दुसरीला ती रोजीरोटी. माझी सुरुवात पहिल्या बाजूने झाली. पण रेडमध्ये ओढत नेलेल्या, 'मला सोडवू नका' म्हणून ओरडणाऱ्या चाळिशीच्या बाईला मी पाहिलं आहे, आणि तिची मुलं त्या रात्री कुठे होती हे कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान महिलांना होममधून सोडताना हेच सांगितलं की त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांना डांबता येणार नाही. मे 2022 मध्ये बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सज्ञान, स्वेच्छेने काम करणाऱ्या बायकांना रेडमध्ये अटक, दंड, छळ करू नये असे निर्देश दिले. गोकुळनगरात अल्पवयीन मुलगी आली की सगळ्यात आधी कळतं ते तिथल्याच बायकांना. त्यांना शत्रू धरून तुम्ही तस्करी रोखू शकत नाही. तुमच्या मुलींपैकी कुणाला हे पटणार नाही, आणि न पटण्याचा तिला पुरता हक्क आहे. पण संस्थेचं धोरण ठरवताना दोन्ही आवाज खोलीत असू द्या.

व्यवहाराचं सांगते. मानधन द्या, आणि दर महिन्याला, खात्यात. 'प्रवासखर्च आणि जेवण' यावर बायकांना राबवणं तुमच्या-माझ्या क्षेत्रात फार चालतं. जे काम एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झालेली मुलगी करते ते ही करत असेल तर पगारात फरक का, याचं उत्तर तयार ठेवा, कारण ती विचारणार. बँकेच्या खात्यावर दोन सह्या असतील तर एक तिची असू द्या. त्याआधी सहा महिने तिला वह्या, पावत्या, ऑडिट शिकवा. शिकवल्याशिवाय सही दिली तर तिच्या नावावर घोटाळा टाकायला लोक टपलेले असतात. नुकत्याच सुटलेल्या मुलीला लगेच कामावर घेऊ नका. आमच्याकडे साधारण दोन वर्षांचा नियम आहे, पण तो वर्षांवर नाही, तिची झोप, तिची केस, तिचं घर यावर ठरवा. आणि रेडच्या जागी कुणालाही नेऊ नका, कितीही आग्रह केला तरी. एकदा नेलं होतं. ती जिना ओळखत होती. पुढचा महिनाभर ती बोलली नाही.

अडचणी येणारच. सुटलेली बाई आपोआप मवाळ, समजूतदार होते हा आपला भाबडेपणा. सत्ता हाती आली की तीही आरडाओरडा करते, आपल्या माणसाला पुढे करते, नव्या मुलीला 'आमच्या वेळी' सुनावते. एका गटात अध्यक्ष झालेल्या बाईने निवाऱ्यातल्या मुलींचे फोन काढून घेतले, कारण तिच्या होममध्ये तेच व्हायचं. आम्ही तिला पदावरून काढलं नाही. नियम सगळ्यांनी मिळून लिहायला लावले, पुढे दोन वर्षांनी निवडणूक झाली, ती पडली आणि भांडून गेली. सहा महिन्यांनी परत आली. कुठल्याही महिला मंडळात घडतं तेच घडलं. तुमच्या ट्रस्टींना मात्र ते 'पुरावा' वाटेल की या बायकांना जमत नाही. तेव्हा त्यांना ट्रस्टींच्याच मागच्या दहा वर्षांच्या भांडणांची आठवण करून द्या.

देणगीदार गोष्टी आणि फोटो मागणार. त्यांना हिशोब द्या, बैठकींचे ठराव द्या, कुठला नियम कुणाच्या सूचनेने बदलला ते लिहून द्या. काही जण निघून जातील. आमचे दोन गेले.

राहिली तिसरी. तिचं मन वळवू नका. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला 'नाही' म्हणायची संधी दिली आहे आणि तिने ती वापरली आहे. तिला विचारा की तुमच्याकडच्या तिच्या कागदांपैकी तिला काय हवं आहे. आधार, शाळेचा दाखला, कोर्टाचे आदेश यांच्या मूळ प्रती तिच्या हातात द्या. संस्थेकडे कायद्याने ठेवावं लागतं तेवढंच ठेवा. तिचे जुने फोटो वार्षिक अहवालातून आणि संस्थेच्या फेसबुक पानावरून काढा, आणि काढल्याचं तिला दाखवा. केसची तारीख असेल तेव्हाच फोन करा, तोही ती सांगेल त्या वेळेला. दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचा असेल तर पाठवा, पण तो घेऊन जाणाऱ्याने तिच्या दारात संस्थेचं नाव घ्यायचं नाही.